आखाडातले सरंगे

पोट चिरलं आणि अन्वरीचा हात सुरीवरच थांबला. सरंग्याच्या पोटातून गाबोळीच्या दोन गुबगुबीत फोडी सटकन बाहेर आल्या, त्यातली एक सुरीनं कापली गेली आणि बारीक केशरी दाणे तिच्या बोटांना चिकटले. आधीच्या माशातही गाबोळी होती, त्याच्या आधीच्यातही. पण गिऱ्हाइकाच्या घाईत तिनं ती मुकाट्यानं पुड्यात सारली होती. आता मात्र बोटं पुसायला कापड मांडीवर असूनही तिला ती पुसता येईनात. भोरचा बाजार ऐन भरात होता. आखाड अर्धा सरलेला, श्रावण लागला की घरोघरी मटणमासळी बंद, तेव्हा उरलेल्या दिवसांत खाऊन घ्यायची लगबग सगळ्या गावाला. ताडपत्रीवर पाऊस वाजत होता आणि समोर उत्रोलीची साळूबाई पिशवीचं तोंड उघडून उभी होती. "अगं बया, अंडी बी हायत व्हय? लई बेस झालं. टाक भाबी, समदं टाक, काय ठिवू नगंस," साळूबाई म्हणाली. अन्वरीनं मासा पिशवीत टाकला. मागं पालथ्या पेटीवर तिचा भाऊ रफीक बशीतला चहा फुंकत बसला होता. तिनं वळून पाहिलं तेव्हा तो हसला. बहिणीच्या दुकानावर उडालेली झुंबड पाहून त्याचं तोंड असं उजळलं होतं की अन्वरीला परत समोर बघावं लागलं.

हे मासे तिनंच मागवले होते. म्हणजे मागवले नव्हते. पण बाईच्या तोंडात तीळ भिजला नाही की काय होतं ते तिचं झालं होतं. गेल्या हिवाळ्यात ती नात्यातल्या एका लग्नाला वरंधा घाट उतरून माहेरी गेली होती. बाणकोटच्या खाडीलगतचं ते पाचपन्नास घरांचं गाव, दारात वाळू, परड्यात जाळी. तिथल्या बायकांनी तिची थट्टा मांडली. घाटावर काय मेलं खाता तुम्ही, कांदा नि भाकर, ताजा मासा डोळ्यांनी तरी दिसतो का. सगळा जन्म सुकट आणि बोंबील विकण्यात गेलेल्या अन्वरीला ते झोंबलं. बाई माहेरी गेली की तिला सासरचा पुळका येतो आणि सासरी आली की माहेरचा, हे तिच्या नवऱ्याचं, मुबारकचं, नेहमीचं म्हणणं. त्या पुळक्यात ती बोलून गेली, "आमच्या भोरात आखाडात ताजा मासा येऊ दे तर खरं, दारची म्हैस सोडून लोक धावतील." बायका हसल्या आणि विसरल्या. रफीक मांडव बांधत होता, त्यानं ऐकलं आणि तो विसरला नाही. लहानपणापासून तो तिचा शब्द असाच झेलायचा. ती म्हणाली चिंच हवी, की हा शेंड्यावर. आई गेली तेव्हा तो रांगत होता; अन्वरीच्या कमरेवरच तो वाढला. तिचं लग्न लागून ती घाट चढून वर आली तेव्हा तो बैलगाडीच्या मागे धावला होता आणि बावांनी, त्यांच्या वडिलांनी, त्याला दंडाला धरून मागे ओढला होता. गाडी वळणाआड गेली तरी त्याचं रडणं ऐकू येत होतं. आज पहाटे तो महाडहून मालाच्या ट्रकमधून, बर्फ भरलेल्या पेट्या घेऊन, दरडी कोसळलेल्या घाटातून भिजत इथवर आला तो तिच्या त्या एका वाक्यापायी. "बुबू, घे," पेटीचं झाकण उघडून तो एवढंच म्हणाला होता. तिला इतका आनंद झाला की आखाडात दर्यावर कोणी जात नसतं हे तिच्या डोक्यात आलंच नाही.

आता आलं. बोटांना दाणे चिकटल्यावर आलं. ती पुढच्या गिऱ्हाइकाला मासा देत होती, सुटे परत करत होती, पावसाच्या नावानं सगळ्यांबरोबर चुकचुकत होती, आणि आत कुठंतरी बावांचा आवाज बोलू लागला होता. बावा बोलायचे कमी. पण ज्येष्ठ सरता सरता वारा फिरला की ते वाळूवर उभे राहायचे आणि म्हणायचे, चला, घरं बंद करा. घरं म्हणजे होड्या. मग सगळा गाव दोरखंडाला लागायचा. कोळ्यांचे, मुसलमानांचे, सगळ्यांचे हात एकाच दोराला. एकेक होडी हैसा हैसा करत वाळूवर चढायची, झावळ्यांनी शाकारली जायची, आणि नारळी पुनवेपर्यंत दर्यात कोणी जायचं नाही. सण कोळ्यांचा, पण बंदी सगळ्यांची. त्यांचा नारळ पाण्यात पडला की बावाही बिस्मिल्ला म्हणून होडी लोटायचे. ती एकदा कंटाळून म्हणाली होती, बावा, रोज रोज सुकटच काय. तेव्हा बावांनी तिला जवळ घेऊन सांगितलं होतं, "पोरी, आता मासळीच्या पोटात पोरं हायत. बाळंतिणीच्या दाराला कुणी धडका देतं काय?" तिला ते इतकं पटलं होतं की त्या पावसात ती दर्याकडे तोंड करून मोठ्यानं बोलायचीही नाही.

आणि बंदी मोडली तर दंड नव्हता, शिवीगाळ नव्हती. हात नव्हते, एवढंच. एकदा गावातल्या एकानं पावसात होडी काढली, घरची काही नड असेल. परत आला तेव्हा किनाऱ्यावर सगळा गाव उभा होता आणि कोणीही दोराला हात लावला नाही. लाटा होडीला वाळूवर आपटत होत्या, तो हाका मारत होता, त्याची बायको एकटी दोर धरून ओढत होती. बावांनी अन्वरीचा हात इतका घट्ट धरला होता की तिची बोटं दुखली. तिनं वर पाहिलं तर बावांच्या डोळ्यांत पाणी. होडीची एक बाजू फुटली. दुसऱ्या दिवशी फळ्या आणि खिळे घेऊन त्याच्या दारात पहिले गेले ते बावाच, आणि मागोमाग सगळा गाव. सगळ्यांनी मिळून ती होडी सांधून दिली. गाव करी ते राव न करी, हे शाळेत मास्तरांनी शिकवायच्या आधी ती वाळूवर शिकली होती. मात्र त्या संध्याकाळी दोर ओढणाऱ्या बाईचे हात तिच्या डोळ्यांसमोरून कधी गेले नाहीत. आज ते पुन्हा आले.

मासे संपले. एवढे मासे एवढ्यात संपले म्हणून शेजारचा कांदेवालाही उठून बघून गेला. सायकलींचं दुकान बंद करून मुबारक आला, रिकाम्या पेट्यांकडे पाहून म्हणाला, "वा रं दर्याच्या राजा! आमच्या बायकोचं सुकटीचं दुकान पार बुडवलंस की तू." रफीक खूष होऊन म्हणाला, "भाईजी, पुढल्या बाजाराला दुप्पट आणतो. आखाड सरायच्या आत एक फेरी हुते." अन्वरी वाकून पेटी धुत होती. वर न बघताच तिनं विचारलं, "होडी कुणी ओढली रं?" तो म्हणाला, "आता ओढायची कशाला, इंजिनाची हाय. नांगर टाकला की उभी." "आन माल कुणी उतरवला?" यावर तो हसला. लहानपणी पडला, गुडघा फुटला, की रडू येऊ नये म्हणून जो हसायचा तसाच. "आपल्या बंदरात नाय लावली बुबू. लावली असती, पण सगळी वाळूवर येऊन उभी होती. मग मी पलीकडच्या धक्क्याला नेली. तिकडं हमाल मिळतात." असं म्हणून तो पेटीवरचा बर्फाचा तुकडा पायानं ढकलत राहिला. मुबारकला काही कळलं नाही. अन्वरीला सगळं कळलं. सगळी येऊन उभी होती. कोणी हात लावला नाही. तिच्या एका फुशारकीनं तिच्या भावाला त्या वाळूवर एकटं पाडलं होतं, आणि हा वेडा हसत होता.

ती रागावणार कोणावर? आपलेच दात, आपलेच ओठ. रात्री चुलीवर तिनं रफीकसाठी ठेवलेल्या सरंग्यांचं कालवण केलं, कोकम टाकून, त्याला आवडतं तसं. गाबोळी वेगळी तळली. मुबारक बोटं चाटत होता. रफीकनं गाबोळीची फोड उचलून तिच्या ताटात ठेवली, कारण लहानपणी ती स्वतःच्या वाटणीची त्याला द्यायची. ती फोड तिच्या ताटात तशीच राहिली. "का गं?" त्यानं विचारलं. मग ती बोलली, रागानं नव्हे, विचारावं तसं. "बावा असते, तर गेला असतास?" त्यानं भातात कालवण ओतलं. मग म्हणाला, "बावांची होडी शिडाची होती. वारा उलटा फिरला की शीड आपसूक खाली यायचं. इंजिनाला वारा कळत नाय, बुबू. बटण दाबलं की चाललं." आणि मग एकदम भडभडून, "आणि मी घरात बसलो तर काय हुणाराय? मोठ्या बंदरावरचे ट्रॉलर बघितलेस तू? भर पावसात जातात. त्यांची जाळी तळ खरवडत जातात, बारकं पिल्लूसुद्धा सोडत नाय, वर आलेलं निम्मं मरून परत पाण्यात फेकतात. माज्या एका होडीनं दर्या रिता हुणार नाय, नि मी एकटा थांबलो म्हणून भरणारही नाय. सांग, भरंल काय?"

अन्वरीनं ट्रॉलर पाहिला नव्हता, पण ट्रॉलरनं केलेलं तिला हातानं माहीत होतं: बोंबलांची पाटी दर वर्षी हलकी होत आली होती, बोंबील बोटाएवढे येऊ लागले होते, आणि सुकटीत चपट्या, नखाएवढ्या सरंग्यांची पिल्लं वाळून आलेली सापडायची. ती पिल्लं ती निवडून बाजूला काढायची आणि त्यांचं काय करावं ते न कळून मांजरालाही न घालता परसात पुरायची. मुबारक यावर तिला हसला होता आणि मग दुसऱ्या दिवशी स्वतःच खड्डा खणून दिला होता. तिला काळजी वाटली ती दर्याची तर वाटलीच. पण त्याहून जास्त या समोरच्या माणसाची वाटली. एक फेरी अजून. मग पुढल्या आखाडात चार. मग तो पलीकडच्याच धक्क्याचा होऊन जाईल, हमालांच्या हातांवर जगेल, आणि गावात त्याच्या दारावरून लोक मान फिरवून जातील. असं वागू नकोस म्हणावं तर तो तिच्यासाठीच वागला होता. तू माझं ऐकलंस ते चुकलं, हे भावाला कोणत्या तोंडानं सांगायचं? त्याच्या उत्साहावर तिचं माहेर उभं होतं. तो दुखावून घाट उतरला की मग तिला तरी खाली कोण होतं?

सकाळी तो निघायच्या तयारीत होता. महाडच्या एसटीला अजून वेळ होता आणि मुबारक त्याला दोन घास खाऊन जायचा आग्रह करत होता, तोच साळूबाई दारात आली, डोक्यावर पोत्याची खोळ, पाय चिखलानं भरलेले. काल मासे नेताना डबा विसरली होती तो न्यायला. येताच तिनं गाऱ्हाणं सुरू केलं. "काय सांगू भाबी, रोप पिवळं पडाय लागलं, खाचरात पानी हाय तवर लावनी व्हाया पायजे, आन मानसंच न्हाईत. समदी आपापल्या रानात. सावडीला यील त्याच्या कामाला आमी समदं घरदार जाऊ म्हनलं, तरीबी कोन न्हाई." सावड म्हणजे हाताला हात: आज तुम्ही आमच्या कामाला या, उद्या आम्ही तुमच्या, त्यात मजुरी नसते, पण फेडल्याशिवाय सुटका नसते. अन्वरी पोळपाट पुसत होती. आपण काय बोलतोय हे तिला बोलून झाल्यावरच कळलं.

"माझा भाऊ येतो की," ती म्हणाली. "हाय तो हितं चार-आठ दिस."

रफीकच्या हातातली पिशवी हातातच राहिली. "मी?" तो म्हणाला. मुबारकला हसू आवरेना. "तांडेल निघाले उत्रोलीच्या खाचरात! नांगर टाकू नका हो, रोप मोडंल." पण साळूबाईनं तोवर रफीकच्या तोंडावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली होती, आणि बहिणीचा शब्द परक्या माणसापुढं खाली पडू द्यायचा हे त्याला जन्मात जमलं नसतं. त्यानं अन्वरीकडे पाहिलं. त्या बघण्यात राग होता, थोडी भीती होती, आणि आपल्याला कशासाठी अडवलं जातंय ते कळल्याची खूणही होती. तांडेल नसेल तर होडी निघत नाही. तिनं एकदा शब्दानं त्याला दर्यात घातलं होतं, आता शब्दानंच बाहेर ओढत होती. त्यानं पिशवी खुंटीला लावली.

उत्रोलीच्या खाचरात अन्वरीही उतरली. इतकी वर्षं भोरात काढून तिनं रोप कधी लावलं नव्हतं. वरून पाऊस, पोटऱ्यांपर्यंत गार चिखल, आणि रांगेत वाकलेल्या बायका. रफीकचं लावलेलं रोप तरंगून वर यायचं आणि बायका त्याला पिडायच्या, "अवो पावनं, ही काय होडी न्हवं, खाली दाबा जरा!" पहिल्या दिवशी तो गप्प होता. दुसऱ्या दिवशी त्याचे हात सुधारले आणि तोंडही सुटलं. तो त्यांना देवमाशाच्या गोष्टी सांगू लागला आणि साळूबाई "थापा मारू नगासा" म्हणत तोंडात पदर धरून हसू लागली. तिनं समुद्र पाहिला नव्हता. रांगेतल्या एकीनंही पाहिला नव्हता. वाकल्या वाकल्या अन्वरीला त्याची पाठ दिसत होती, सदरा चिकटलेली, बावांसारखीच किंचित डावीकडे झुकलेली. तिला वाटलं, उठावं, त्या पाठीवरून हात फिरवावा, आणि सांगावं की तू मला दर्यापेक्षाही जास्त आहेस, म्हणून अडवलंय. पण हात चिखलानं भरले होते आणि ती तशीच रोप लावत राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी बांधाच्या तोंडाशी गलका उठला. ओढ्याचं पाणी खाचरातून खाली उतरतं तिथं पावसाळ्यात मासे पाण्याला उलटे चढून वर येतात, साठलेल्या उथळ पाण्यात अंडी घालायला. गावाला तो फुकटचा मेवा. एक चांगला तळहाताएवढा मासा उसळ्या मारत चढत होता आणि बायका पदर, टोपली, जे हाती येईल ते घेऊन धावत होत्या. कोणाच्याच हाती तो लागेना. रफीकनं फक्त एक पाऊल टाकलं आणि वाकून त्याला उचललं. सगळ्यांनी एकच ओरडा केला. साळूबाईनं टोपली पुढं केली, "टाका, टाका हितं! आज पावन्याचं कालवन!" त्यानं मासा उलटा करून पाहिला. पोट टम्म फुगलेलं होतं. अंगठा जरासा लागला तर त्याच्या तळव्यावर पिवळे दाणे आले आणि पावसानं लगेच धुऊन नेले. ती काही बोलली नाही. बोलली असती तर त्यानं तेही ऐकलं असतं, आणि ते तिला नको होतं. रफीक क्षणभर हातातल्या माशाकडे बघत राहिला. मग तो टोपलीला वळसा घालून वरचा बांध चढला आणि पलीकडच्या संथ पाण्यात त्यानं दोन्ही हात खोल बुडवले. वर काढले तेव्हा ते रिकामे होते.

"अरं माज्या कर्मा," साळूबाई ओरडली, "खुळा का काय ह्यो! कालवन सोडून दिलं की!"

"तिचं काम हुऊ दे, साळूबाई," तो म्हणाला. "मग खा की वर्षभर." तो बांधावरच बसला. बहिणीकडे न बघता, चिखलाचे हात एकमेकांवर चोळत तो बोलू लागला, "बुबू, मी उद्या जातो. फेरीला नाय. होडी पलीकडून आणतो नि आपल्या वाळूवर वर घेतो. पुनवेपर्यंत शाकारून ठेवतो." "पण लाँच जड हाय. एकट्यानं नाय चढायची. आणि आता कोण लावील मला हात?" त्यानं हसून बघितलं, ते तसलंच हसू, पण या वेळी ते शेवटाला गेलं नाही, तोंड वेडंवाकडं झालं आणि तांडेलाच्या डोळ्यांना धार लागली. अन्वरी चिखल तुडवत त्याच्याजवळ आली आणि तिनं आपल्या भरल्या हातांनीच त्याचं डोकं पोटाशी धरलं. "मी हाय की," ती म्हणाली. म्हणाली खरी, पण तिच्या दोन हातांनी लाँच चढत नसते हे तिला माहीत होतं, आणि त्यालाही.

साळूबाईनं टोपली खाली ठेवली, कमरेवर हात घेतले आणि दोघांकडे पाहिलं. "किती मानसं लागत्यात?" तिनं विचारलं. रफीकला कळेना. "कशाला?" "कशाला म्हंजी? तुमची ती होडी वर घ्यायला. तुमी आमच्या सावडीला आला, मग आमी नगं याया? फुकट राबवून घ्यायची चाल न्हाई आमच्यात." ती रांगेकडे वळली. "काय गं, येताय न्हवं समद्या? लावनी हातावेगळी झाली की एसटीनं जाऊ. समिंदर बी बघून व्हईल." रांगेतून एकदोघी हसल्या, एकीनं घाट लागतो का ते विचारलं, दुसरीनं पोराला कोणाकडे ठेवायचं त्याचा विचार मांडला, नाही कोणी म्हणालं नाही. "मग उटा आता," साळूबाई म्हणाली, "हे खाचर आज झालं पायजे." आणि ती पहिली वाकली.